प्रेक्षकांनाही काम असतं: अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या प्रथा कशा चालतात

५ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात तरुण मुलामुलींचा एक लोंढा पिवळा गोलपोस्ट खांद्यावर घेऊन भर बाजारपेठेतून निघाला. वँडरबिल्ट विद्यापीठाच्या संघानं त्या दिवशी देशात अव्वल मानांकन असलेल्या अलाबामाला ४०-३५ असं हरवलं होतं. विद्यार्थी मैदानात उतरले, त्यांनी गोलपोस्ट उपटला, साधारण चार किलोमीटर वाहून नेला आणि कंबरलँड नदीत सोडून दिला. विद्यापीठाला एक लाख डॉलर दंड झाला. व्हिडिओ जगभर फिरला आणि आपल्याकडच्या अनेकांना प्रश्न पडला: कॉलेजच्या मुलांचा सामना, त्यासाठी एवढं?

एवढंच नव्हे, याहून पुष्कळ चालतं. कुठे मैदानात शेकडो किलोंची रानरेडी पळवतात, कुठे झाडांवर टॉयलेट पेपर फेकतात, कुठे मध्यरात्री हजारो लोक ओरडण्याची तालीम करायला जमतात. बाहेरून हा सगळा वेडाचार वाटतो. जवळून पाहिलं तर बहुतेक प्रथांमध्ये प्रेक्षकाला एक नेमकं काम, नेमक्या वेळी, नेमक्या जागी नेमून दिलेलं असतं, आणि ते पहिल्याच दिवशी शिकता येईल इतकं सोपं असतं. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातात. त्यामुळे जी प्रथा एका दिवसात शिकवता येत नाही ती टिकत नाही.

आधी खेळ, मग विद्यापीठ

अंडाकृती चेंडू, प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरच्या थोडं पुढे जायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्या संघाकडे. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू पोचला की टचडाउन, त्याचे सहा गुण. लेख समजायला एवढं पुरे.

विद्यापीठांच्या सर्वांत वरच्या गटात १३० हून अधिक संघ आहेत. नियमित हंगामात एक संघ बारा सामने खेळतो, बहुतेक शनिवारी, ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. त्यातले सहा-सात घरच्या मैदानावर. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या वाट्याला चार वर्षांत जेमतेम पंचवीस-तीस शनिवार येतात. या टंचाईमुळेच प्रत्येक शनिवारचा सण होतो.

एक लाखाहून जास्त आसनांची आठ फुटबॉल मैदानं अमेरिकेत आहेत आणि आठही विद्यापीठांची आहेत. ॲन आर्बरमधल्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची क्षमता १,०७,६०१. व्यावसायिक संघांच्या एकाही मैदानाची नेहमीची क्षमता तिथवर पोचत नाही. याचं एक कारण इतिहासात आहे. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ ला झाला. आजची व्यावसायिक लीग, एनएफएल, १९२० ची. मधल्या पन्नास वर्षांत हा खेळ विद्यापीठांचाच होता. दुसरं कारण भूगोलात. अलाबामा, नेब्रास्का, आयोवा या राज्यांत एनएफएलचा संघच नाही. तिथे शेतकऱ्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचा संघ म्हणजे राज्याचं विद्यापीठ, मग त्यांनी तिथे पाऊल ठेवलेलं असो वा नसो. नेब्रास्कात लिंकनच्या मैदानातला प्रत्येक सामना १९६२ पासून हाउसफुल्ल नोंदवला गेला आहे.

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी घुमते, आणि कॉलेज सोडून पंधरा वर्षं झालेली मंडळीही घसा बसेपर्यंत ओरडतात. तीच निष्ठा एका नाट्यगृहातून काढून लाखभर लोकांच्या मैदानात नेली आणि तिला दीडशे वर्षं मुरायला दिली, म्हणजे कॉलेज फुटबॉलची कल्पना येईल.

ओरडायचं कधी, गप्प बसायचं कधी

नवख्या माणसाची पहिली चूक इथे होते. आपल्या संघाकडे चेंडू आला की तो जोरात ओरडतो आणि आजूबाजूचे त्याच्याकडे रागानं बघतात. नियम उलटा आहे: आपल्याकडे चेंडू असताना शांतता, समोरच्याकडे चेंडू असताना कानठळ्या.

का, ते बघू. प्रत्येक चाल ‘स्नॅप’नं सुरू होते. मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, चेंडू पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे चाल चालवणाऱ्या खेळाडूकडे देतो. आक्रमक संघातल्या धिप्पाड पुढच्या फळीनं त्या क्षणापर्यंत पुतळ्यासारखं स्थिर राहायचं असतं. कोणी आधी हललं तर ‘फॉल्स स्टार्ट’, आणि संघ पाच यार्ड मागे. स्नॅप कधी होणार हे क्वार्टरबॅक आवाजी इशाऱ्यानं ठरवतो. ते आक्रमकांना आधी माहीत असतं, बचाव करणाऱ्यांना नसतं. सेकंदाच्या काही अंशांचा हा फायदा असतो, पण सव्वाशे-दीडशे किलोंची माणसं एकमेकांवर आदळणार असतात तेव्हा तेवढ्यावरच सगळं अवलंबून असतं.

आता लाखभर लोक ओरडले की इशारा ऐकूच येत नाही. मग पुढच्या फळीतल्यांना चेंडू हलताना डोळ्यांनी बघून उठावं लागतं, म्हणजे बचाव करणाऱ्यांइतक्याच उशिरा. फायदा संपला. बाहेरून आलेले संघ यावर ‘सायलेंट काउंट’ वापरतात: सेंटरच्या शेजारचा खेळाडू मागे वळून क्वार्टरबॅकचा इशारा बघतो, सेंटरला हातानं टोचतो, मग ठरलेल्या मोजणीनंतर चेंडू मागे येतो. पण ही लय दोन-चारदा तशीच राहिली की बचाव करणारे ती ओळखतात. २०२४ पासून प्रत्येक बाजूच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोचवणारा रेडिओ आला आहे. मात्र चाल सुरू करण्याच्या मुदतीचे पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो आणि पुढचे बदल क्वार्टरबॅकला स्वतःच ओरडून सांगावे लागतात. गर्दीचं काम रेडिओनं पूर्ण हिरावून घेतलेलं नाही.

सर्वांत मोठा आवाज ‘थर्ड डाउन’ला, म्हणजे समोरच्याच्या तिसऱ्या प्रयत्नाला करायचा. तो फसला तर चौथ्यात बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून देतात. व्हर्जिनिया टेकच्या मैदानात त्या वेळी लोक खिशातल्या किल्ल्या काढून खुळखुळवतात.

मिसिसिपी स्टेटचे लोक किल्ल्यांवर भागवत नाहीत, ते गाईच्या गळ्यातल्या घंटा आणतात. त्यांच्या परिषदेनं, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या गटानं, १९७४ मध्ये कृत्रिम आवाजाच्या साधनांवर बंदी घातली. लोकांनी पुढची तीन-साडेतीन दशकं घंटा कोटांत लपवून आत नेल्या. शेवटी २०१० मध्ये तडजोड झाली: घंटा चालेल, पण सेंटर चेंडूवर वाकल्यापासून चाल संपेपर्यंत नाही. नियम मोडला तर दंड विद्यापीठाला. म्हणजे नेमक्या उपयोगाच्या वेळी घंटा गप्प! त्या वेळी लोक घशानं ओरडतात.

आवाजाची ताकद मोजलीही गेली आहे. ८ ऑक्टोबर १९८८ ला लुइझियाना स्टेटनं ऑबर्नविरुद्ध शेवटच्या मिनिटांत टचडाउन केला आणि सामना ७-६ नं जिंकला. त्या क्षणाचा हादरा विद्यापीठाच्याच भूशास्त्र विभागातल्या भूकंपमापकावर उमटला. तो सामना आजही ‘भूकंपाचा सामना’ म्हणूनच ओळखला जातो.

बारावा माणूस आणि मध्यरात्रीची तालीम

सर्वांत शिस्तबद्ध प्रथा पाहायची तर टेक्सस ए अँड एम विद्यापीठात. २ जानेवारी १९२२ ला डॅलसमध्ये त्यांचा सामना सेंटर कॉलेजशी होता. एकामागून एक खेळाडू जखमी होत होते. प्रशिक्षक डॅना बायबल यांनी वर पत्रकारकक्षात मदत करत असलेल्या ई. किंग गिल या विद्यार्थ्याला खाली बोलावलं. तो फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे वळलेला होता. त्यानं एका जखमी खेळाडूचा गणवेश चढवला आणि सामना संपेपर्यंत मैदानाच्या कडेला तयारीत उभा राहिला. त्याला खेळावं लागलंच नाही. संघ २२-१४ नं जिंकला. गिलचं उभं राहणं मात्र कायमचं झालं. आजही तिथले विद्यार्थी पूर्ण सामना उभ्यानं बघतात. अर्थ इतकाच की गरज पडली तर आम्ही तयार आहोत. १९८३ मध्ये प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी ते शब्दशः घेतलं आणि साध्या विद्यार्थ्यांमधून निवडलेली एक तुकडी किकऑफसाठी, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू करतात त्या चालीसाठी मैदानात उतरवली. आता शिष्यवृत्ती नसलेला एक खेळाडू १२ क्रमांकाची जर्सी घालतो. ‘बारावा माणूस’ हे शब्द विद्यापीठाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहेत, आणि एनएफएलमधल्या सिॲटल सीहॉक्सनी ते वापरण्यासाठी पैसे मोजले आहेत.

इथे चीअरलीडर नसतात, ‘यल लीडर’ असतात. विद्यार्थी मतदान करून पाच जण निवडतात, तीन शेवटच्या वर्षाचे आणि दोन तिसऱ्या वर्षाचे. ते हातानं खूण करतात, पुढच्या ओळी ती खूण मागे पोचवतात, आणि काही सेकंदांत अख्खी बाजू एकच आरोळी देते. आरोळी देताना कमरेतून वाकून हात गुडघ्यांच्या वर टेकायचे, म्हणजे आवाज पोटातून येतो. आरोळ्यांची तालीम घरच्या सामन्याच्या आदल्या मध्यरात्री मैदानातच होते. संघानं गुण मिळवले की जोडीदाराचं चुंबन घ्यायचं, हीही प्रथाच. ही शिकवायला कोणाला तालीम लागत नसावी.

शेकोटी: प्रथा जीव घेते तेव्हा

याच विद्यापीठात १९०९ पासून टेक्सस विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी प्रचंड शेकोटी पेटत असे. विद्यार्थी स्वतः झाडं तोडत, ओंडके वाहून आणत, थरांवर थर रचत. सुरुवातीला तो भंगार लाकडाचा ढीग होता. वाढत वाढत ती पाच हजारांहून जास्त ओंडक्यांची, जवळपास साठ फुटी रचना झाली. १८ नोव्हेंबर १९९९ ला पहाटे पावणेतीनच्या सुमारास, काम चालू असताना ती कोसळली. बारा जणांचा मृत्यू झाला, २७ जखमी झाले.

चौकशी आयोगानं दोन प्रकारची कारणं दिली. रचनेतलं कारण असं की दुसऱ्या थराचे ओंडके पहिल्या थराच्या फटींत पाचरीसारखे ठोकून बसवले होते. त्यामुळे खालचा थर आतून बाहेर ढकलला जात होता, आणि तो आवळून धरणारी बांधणी त्या ताणाला पुरेशी नव्हती. आधीच्या वर्षांत वापरलेल्या पोलादी केबल त्या वर्षी नव्हत्या. दुसरं कारण संघटनेतलं. आराखडा कागदावर नव्हता, तो एका वर्षाच्या मुलांकडून पुढच्या वर्षाच्या मुलांकडे तोंडी जात होता आणि दर वेळी थोडा बदलत होता. अभियांत्रिकीसाठी नावाजलेल्या विद्यापीठात अभियंत्यानं तपासलेला आराखडा नसावा, हे आजही पटत नाही. विद्यापीठानं शेकोटी बंद केली. काही विद्यार्थी आता विद्यापीठाच्या हद्दीबाहेर स्वतंत्रपणे ती रचतात, पण प्रत्येक ओंडका जमिनीला टेकलाच पाहिजे या अटीवर.

बँड म्हणजे मधल्या वेळची करमणूक नव्हे

मध्यंतर वीस मिनिटांचं असतं आणि अनेक ठिकाणी त्या वेळी खुर्ची सोडणं म्हणजे पाप. ओहायो स्टेटचा बँड फक्त पितळी वाद्यं आणि तालवाद्यांचा. १० ऑक्टोबर १९३६ पासून तो मैदानावर चालत चालत ‘ओहायो’ हा शब्द इंग्रजीत, अक्षरं एकमेकांना जोडलेल्या वळणात लिहितो. सगळे एका रांगेत, एकामागून एक, शब्दाच्या वळणांवरून फिरतात; रांग स्वतःलाच छेदते तिथे पावलांचं गणित चुकलं तर धडक ठरलेली. शेवटी ‘आय’वरचा टिंब उरतो. तो द्यायला सुझाफोन, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेला अजस्र भोंगा वाजवणारा चौथ्या किंवा पाचव्या वर्षाचा वादक तोऱ्यात पुढे येतो आणि दोन्ही बाजूंना खोल वाकून नमस्कार करतो. हा मान क्वचित पाहुण्यांना मिळतो. अंतराळवीर जॉन ग्लेन आणि गोल्फपटू जॅक निकलॉस यांनी तो टिंब दिला आहे.

ज्या विद्यापीठांची स्थापना वांशिक भेदभावाच्या काळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी झाली, तिथे बँडचं वजन आणखी मोठं. सदर्न आणि ग्रॅम्बलिंग यांच्या वार्षिक सामन्यात बँडची जुगलबंदी हे वेगळं तिकीट काढून बघण्याचं आकर्षण आहे.

सामन्याच्या चार भागांमधल्या छोट्या विश्रांतीही रिकाम्या जात नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये तिसरा भाग संपला की ‘जंप अराउंड’ हे गाणं लागतं आणि विद्यार्थी उड्या मारतात. हे १९९८ पासून चालू आहे. २००३ मध्ये मैदानाचं बांधकाम चालू असताना प्रशासनानं गाणं थांबवलं. विद्यार्थ्यांनी गदारोळ केला, आणि सज्जाला धोका नाही असा निर्वाळा आल्यावर गाणं परतलं. आयोवात उलट अगदी शांत प्रथा आहे. मैदानाला खेटून मुलांचं रुग्णालय आहे, वरच्या मजल्यावरून सामना दिसतो. २ सप्टेंबर २०१७ पासून पहिला भाग संपला की सुमारे सत्तर हजार लोक, दोन्ही संघ आणि पंच तिकडे वळून खिडकीतल्या मुलांना हात करतात. ही कल्पना एका चाहतीनं फेसबुकवर सुचवली होती. कोणत्याही समितीनं ठरवलेली नाही.

मैदानाबाहेरचं जेवण

सामन्याआधी पार्किंगमध्ये गाडीची मागची फळी उघडून, शेगडी पेटवून खाणं-पिणं करतात, त्याला टेलगेटिंग म्हणतात. सामना संध्याकाळी असला तरी लोक सकाळी हजर. मिसिसिपी विद्यापीठात ‘ग्रोव्ह’ नावाची झाडीची जागा आहे. तिथे गाड्यांना बंदी असल्यानं तंबूंचं गाव उभं राहतं, झुंबरं टांगलेली असतात, चांदीच्या ताटांत खाणं असतं. टेनेसीत मैदानच नदीकाठी, म्हणून १९६२ पासून लोक होड्यांतून येऊन काठाला नांगर टाकतात. सर्वसाधारण शिष्टाचार सोपा: अनोळखी तंबूतून बोलावणं आलं तर संकोच करू नये, आणि रिकाम्या हातानं जाऊ नये.

‘ही तर झुंडशाही’

हा आक्षेप अर्धा खरा आहे. गोलपोस्टचा आडवा दांडा दहा फूट उंचीवर, साडेअठरा फूट रुंद असतो आणि तो कोसळतो तेव्हा खालचा माणूस हलू शकत नाही. १९८३ मध्ये हार्वर्ड-येल सामन्यानंतर असा खांब पडून एक विद्यार्थिनी गंभीर जखमी झाली होती. मैदानात घुसण्याबद्दल साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा दंड २०२३ पासून पहिल्या वेळी एक लाख, दुसऱ्या वेळी अडीच लाख, तिसऱ्यांदा पाच लाख डॉलर होता. २०२५ मध्ये तो सरसकट पाच लाख केला. मात्र पाहुणा संघ आणि पंच बाहेर पडेपर्यंत लोक थांबले तर तो माफ होऊ शकतो. मला ही अट शहाणपणाची वाटते, कारण खरा धोका तिथेच असतो: हरलेले, चिडलेले खेळाडू आणि धावत येणारी गर्दी समोरासमोर येते तिथे.

निष्ठेचं विष होण्याचंही एक उदाहरण आहे. ऑबर्नमध्ये विजयानंतर टूमर्स कॉर्नरच्या ओक वृक्षांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकतात. २०१० च्या हंगामात अलाबामाच्या एका चाहत्यानं त्या झाडांच्या मुळांशी तीव्र तणनाशक ओतलं आणि नंतर रेडिओवर फोन करून ते सांगितलंही. त्याला तुरुंगवास झाला. झाडं २०१३ मध्ये काढावी लागली, नवी लावली.

‘आणि त्या प्राण्यांचं काय?’

कोलोरॅडोत संघाचं प्रतीक असलेली राल्फी नावाची रानरेडी मैदानावर धावते, पाच विद्यार्थी दोर धरून तिच्याबरोबर. टेक्ससचा लांब शिंगांचा बैल बीव्हो १ जानेवारी २०१९ ला अडथळा पाडून जॉर्जिया विद्यापीठाच्या बुलडॉग कुत्र्याच्या दिशेनं सुटला होता. सुदैवानं कोणी फार जखमी झालं नाही. लुइझियाना स्टेट खरा वाघ पाळतं, पण २०१७ पासून त्याला मैदानात आणत नाहीत. प्रथा बदलतात, फक्त ‘बदललो’ असं कोणी मोठ्यानं म्हणत नाही. इलिनॉयनं मूलनिवासी सरदाराच्या वेशातला नाच २००७ मध्ये बंद केला. फ्लोरिडा स्टेटनं तसाच सरदार कायम ठेवला आहे, पण फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीच्या संमतीनं.

पैसा आल्यावर हे टिकेल का?

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून कमावता येतं. जून २०२५ मध्ये न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसेही देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. खेळाडू आता विद्यापीठंही पटापट बदलतात. तरी प्रथांना खरा धक्का यातून बसलेला नाही, कारण त्या खेळाडूंच्या नव्हेतच, गर्दीच्या आहेत. धक्का बसतो तो वेळापत्रकातून. प्रसारणाच्या पैशासाठी विद्यापीठं परिषद बदलतात आणि शेजारच्या वैऱ्याशी सामनाच उरत नाही. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांचा शंभर वर्षांहून जुना सिलसिला नोव्हेंबर २०२३ मध्ये असाच थांबला. उलट टेक्सस आणि ए अँड एम २०११ नंतर ३० नोव्हेंबर २०२४ ला पुन्हा भिडले, टेक्सस १७-७ नं जिंकलं.

पहिल्यांदा जाणार असाल तर

महाराष्ट्रातून एमएस करायला पर्ड्यू, ओहायो स्टेट, ए अँड एम अशा ठिकाणी गेलेल्यांना विद्यार्थी तिकीट मिळतं. ए अँड एममध्ये तिकिटांचे दिवस ज्येष्ठतेनुसार ठरतात आणि पदव्युत्तर विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या मुलांबरोबर सोमवारी रांगेत लागतात. मोठ्या सामन्यासाठी ही रांग आदल्या दिवसापासून तंबू ठोकून उभी असते. कपड्यांचा रंग आधी तपासा. समोरच्या संघाचा रंग चुकूनही नको, आणि काही सामन्यांना अख्ख्या मैदानानं एकच रंग घालायचा असतो. पेन स्टेटला तो पांढरा. बॅग बहुतेक ठिकाणी पारदर्शकच चालते, साधारण १२ बाय १२ बाय ६ इंच. घड्याळी खेळ साठ मिनिटांचा असला तरी सामना साडेतीन तास चालतो आणि एकदा बाहेर पडलात तर सहसा परत आत सोडत नाहीत. सप्टेंबरमध्ये टेक्ससला दुपारचा सामना असेल तर टोपी घ्या आणि उभं राहण्याची तयारी ठेवूनच चपला निवडा.